वांझ म्हणतात ते फूल

नमस्कार श्रोतेहो. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण परसात भोपळ्याचा वेल बहुतेकांच्या आहे. आज बोलायचंय नर-मादीबद्दल, फुलांतल्या आणि पाण्यातल्या जीवांतल्याही. म्हणून वेलापासूनच सुरुवात करतो.

परभणीत आमच्या शेजारच्या काकूंचा लाल भोपळ्याचा वेल पत्र्यावर चढला होता. फुलं ढीगभर, फळ एक नाही. सुपारीएवढा भोपळा दिसायचा, पिवळा पडायचा, गळायचा. "नजर लागली कुणाची तरी," काकू म्हणायच्या. एकदा सकाळी सहाला गेलो, तर त्या भज्यांसाठी परडीत फुलं तोडत होत्या. "ही वांझ फुलं हैत रे बाबा. ह्यांना फळ धरत नाही, म्हणून तेवढीच तोडते."

म्हटलं, काकू, एक इकडं द्या. लांब, बारीक देठ. पाकळ्या खुडल्या, आत उभा दांडा; बोट टेकवलं तर हळदीसारखा पराग लागला. हे नर फूल. मग वेलावरचं दुसरं दाखवलं. देठ आखूड, पाकळ्यांखाली इवलासा भोपळा, तेच अंडाशय. आत चिकट, तीन फाट्यांची कुक्षी, म्हणजे पराग धरणारा भाग. हे मादी फूल. हातातला दांडा त्या कुक्षीवर हलकेच फिरवला. आठवड्यात भोपळा मुठीएवढा झाला. काकूंनी गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवला.

पुन्हा सांगतो. बारीक लांब देठ, ते नर. फुलाखाली भोपळा, ते मादी. नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही, तर फळ नाही. पोचवते मधमाशी, तीही सकाळीच, कारण दुपारच्या आत फूल मिटतं. म्हणून सकाळी फवारणी नको, हे मी माझ्या भावालाही दरवर्षी सांगतो. आणि वांझ हा शब्दच आपल्या तोंडून गेला पाहिजे. फुलासाठीही, बाईसाठीही.

आता समुद्र. चंद्र जेलीफिश म्हणून एक जीव आहे. त्याच्या पारदर्शक छत्रीतून घोड्याच्या नालेसारखे चार आकार दिसतात, त्याच जननग्रंथी, म्हणजे शुक्राणू किंवा अंडी बनवणारे भाग. तिथंही नर वेगळा, मादी वेगळी. नर शुक्राणू पाण्यात सोडतो. मधमाशीचं काम पाणीच करतं. त्याचा भाऊबंद हायड्रा हा इवलासा जीव मात्र गोड्या पाण्यात, तळ्यातल्या पाणवनस्पतींना चिकटलेला असतो. त्याच्या काही जातींत एकाच अंगावर वर शुंडकांजवळ, म्हणजे सोंडेसारख्या बारीक हातांजवळ, शुक्राणू बनवणारे वृषण, खाली बुडाकडं अंडाशय. जास्वंदीच्या एकाच फुलात दोन्ही असतात ना, तसं.

काकू भजी अजूनही करतात. फुलं तेवढी दहानंतर, मिटल्यावर काढतात.