मांडवीकाठचं सेंट कॅथरीनचं चॅपेल

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गोव्याला गेलेली आपली माणसं बॉम जीझस बघतात, से कॅथेड्रल बघतात आणि मंगेशीच्या वाटेला लागतात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चच्या पश्चिमेला, मांडवीच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांचं एक छोटं चॅपेल आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१५१० च्या सुरुवातीला पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने हे शहर आदिलशाहीकडून घेतलं आणि काही महिन्यांतच गमावलं. २५ नोव्हेंबरला तो पुन्हा चालून आला. तो दिवस सेंट कॅथरीन या ख्रिस्ती संत स्त्रीच्या सणाचा. तटाच्या ज्या वेशीतून तो आत शिरला, तिथेच त्याने तिच्या नावाने चॅपेल उभारलं. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते नव्याने बांधलं आणि वेशीची हकिगत सांगणारा शिलालेख बसवला. त्या विजयानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, ते त्या दगडावर लिहिलेलं नाही. आपण मात्र ते मनात ठेवूनच त्या दारात उभं राहावं.

१५३४ मध्ये गोव्यात बिशपचं पीठ आलं, तेव्हा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला तो या सेंट कॅथरीनलाच. आजचं भव्य से कॅथेड्रल नंतरचं, आणि तेही तिच्याच नावाचं.

आता जरा समोर उभे राहा. मधे दरवाजा, दोन्ही बाजूंना दोन चौकोनी मनोरे. घडण युरोपातल्या रेनेसाँ काळाची, दगड मात्र अस्सल आपल्या कोकणातला. गिलावा नसल्यामुळे चिऱ्यांचे सांधे आणि जांभ्याची भोकं अगदी जवळून दिसतात. हीच दोन मनोऱ्यांची मांडणी पुढे से कॅथेड्रलने मोठ्या मापात घेतली. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, तो परत उभा राहिला नाही. म्हणून ते दर्शनी अंग मुळात कसं असेल, याचा अंदाज घ्यायचा तर या धाकट्या वास्तूकडेच यावं लागतं.

१९५२ मध्ये तिची पुन्हा बांधणी झाली आणि १९८६ पासून जुन्या गोव्यातल्या चर्चांबरोबर तीही जागतिक वारसा यादीत आहे. पण जांभा पाणी पितो. उघड्या चिऱ्यावर गोव्याचा पाऊस दरवर्षी चार महिने कोसळतो, तेव्हा तिच्या डागडुजीत हयगय चालणार नाही.

पुढच्या खेपेला फ्रान्सिसच्या चर्चमधून बाहेर पडलात की लगेच गाडीकडे जाऊ नका. पश्चिमेला वळा, पायी दोन-चार मिनिटांचीच वाट आहे.