एका नावाची दोन झुडपं

(दृश्य: पहाट. जास्वंदीची घट्ट मुडपलेली कळी, अगदी जवळून.)

हे फूल आजच्यापुरतंच आहे. सकाळी उमलेल, संध्याकाळी मिटेल, उद्या झुडपाखाली पडलेलं दिसेल. तरीही महिनाभरानं इथे आलात तर झुडूप फुललेलंच सापडेल, कारण जास्वंद नव्या फुटीवर फुलते आणि कोवळी फांदी वाढत असेतो कळ्या येत राहतात.

पण ही कोणती जास्वंद? इंग्रजीत हिला 'रोज ऑफ शॅरन' म्हणतात, आणि याच नावापाशी फसगत होते. अमेरिकेतला माळी हे नाव हिबिस्कस सिरियाकसला देतो. ब्रिटनमधला माळी तेच नाव हायपेरिकम कॅलिसिनमला देतो. पहिली दोन-तीन मीटर उंच होणारी जास्वंद, दुसरं गुडघ्याखाली राहणारं, पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं झुडूप. 'रोज ऑफ शॅरन' हे शब्द १६११ च्या इंग्रजी बायबलात आहेत. तिथे नेमकं कोणतं फूल अभिप्रेत होतं, यावर एकमत नाही. सिरियाकसच्या नावातही गोंधळच आहे: १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं नाव सिरियाचं दिलं, पण झाड मूळचं पूर्व आशियातलं.

(दृश्य: दोन्ही फुलं शेजारी शेजारी.)

फूल हातात आलं की शंका उरत नाही. जास्वंदीचे पुंकेसर एकाच दांड्याभोवती जुळलेले असतात. हायपेरिकमचे मोकळे, झुपक्यांनी उभे, जणू पिवळ्या वाटीत ठेवलेला ब्रश.

सिरियाकस थंडी सोसते. हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होते आणि वसंतात इतकी उशिरा फुटते, की मेली समजून लोक ती उपटून टाकतात. असं करू नका. फांदीची साल नखानं जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं, तर वाट पाहा. छाटणी करायची ती हिवाळा सरताना, डोळे फुगण्याआधी. मागच्या वर्षीच्या फांदीवर दोन-तीन डोळे ठेवून बाकी कापली, तर फुलं कमी येतात, पण चांगली मोठी.

नेहमीच्या लाल जास्वंदीला बी क्वचितच धरतं, म्हणून तिला आवरायला कात्री पुरते. सिरियाकसचं तसं नाही. फुलांमागून बोंडं धरतात, वाळून पाच फाकांत उकलतात आणि केसाळ कडांचं बी खाली सांडतं. पुढच्या वसंतात झुडपाखाली रोपांची दाटी होते. बोटभर असताना ती ओल्या मातीतून अलगद निघतात, दोन वर्षांनी कुदळ लागते. म्हणून बोंडं तपकिरी पडू लागली की छाटून घ्या. नवीन झाड लावणार असाल तर त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली जात निवडा, 'डायना'सारखी. तिला बी जवळजवळ धरतच नाही.

(दृश्य: उतारावर पसरलेला पिवळा हायपेरिकम. मग फावड्यानं उघडी केलेली माती.)

हायपेरिकम कॅलिसिनमचा सगळा कारभार जमिनीखाली चालतो. ही पांढुरकी दोरी दिसते ना? ते मूळ नाही, खोड आहे, आणि त्याच्या प्रत्येक पेरातून नवा फुटवा येऊ शकतो. मोठ्या झाडाच्या कोरड्या सावलीत किंवा माती घसरणाऱ्या उतारावर मला याच्याइतकं भरवशाचं झुडूप दुसरं दिसत नाही. फुलझाडांच्या मिश्र वाफ्यात मात्र मी ते कधीही लावणार नाही. वर्षभर काही जाणवत नाही, मग ते शेजारच्या नाजूक झाडांच्या मुळांत शिरतं आणि वेगळं काढताच येत नाही.

लावायचंच असेल तर कडेनं जमिनीत पत्रा उभा पुरा, किंवा दरवर्षी फावड्याच्या धारेनं हद्द कापा आणि कापलेले तुकडे वेचून घ्या, कारण मातीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. वसंताच्या तोंडावर सगळं झुडूप जमिनीलगत छाटलं, की ताजा पाला येतो आणि फुलं भरपूर. पानामागे नारिंगी फोड दिसले तर तो तांबेरा. ती पानं उचलून बागेबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको.

(दृश्य: उन्हासमोर धरलेलं एक लहान पान.)

याच कुळातल्या हायपेरिकम परफोरेटमपासून मात्र खरंच सावध राहा. उन्हासमोर पान धरलं, की सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ती तेलाच्या ग्रंथींची जागा. हे झाड जमिनीखालून पसरतं आणि बीही अमाप टाकतं. ते खाल्लेल्या गुरांची फिकट कातडी उन्हात भाजून निघते. कॅलिफोर्नियात यानं चराऊ कुरणं व्यापली होती. शेवटी १९४५-४६ मध्ये ऑस्ट्रेलियातून याच झाडावर जगणारे भुंगेरे आणून सोडले, तेव्हा ते आटोक्यात आलं.

बागेत आपोआप उगवलेलं पिवळ्या फुलाचं रोप दिसलं, तर त्याची एक कळी चिमटीत चुरडा. कॅलिसिनमची कळी बोटांवर रंग सोडत नाही. परफोरेटमची बोटं लाल करते. बोटं लाल झाली, तर बी धरण्याआधी ते रोप मुळांसकट काढा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा बघा.