दुसऱ्याच्या सामन्यावर डोळे लावून

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये डिसेंबर उजाडला की जर-तरचा हिशेब सुरू होतो. एकूण 32 संघ, 16-16 चे दोन गट. प्रत्येक गटातून सात संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. लक्षात ठेवा, सात. 2020च्या हंगामाआधी सहाच होते. मला विचाराल तर सहाच बरे होते; पण जास्त सामने म्हणजे जास्त जाहिराती, आणि जाहिरातींपुढे हल्ली कोणाचं काही चालत नाही. आपल्या क्रिकेटचंही तेच झालंय. असो.

यातली खरी गंमत सांगतो ती बफेलोची. न्यूयॉर्क राज्यातलं, कॅनडाच्या सीमेजवळचं हे बर्फाळ गाव. त्यांचा संघ बिल्स. सलग 17 हंगाम प्लेऑफ नाही. सतरा! या काळात जन्मलेली पोरं कॉलेजच्या उंबरठ्यावर आली.

31 डिसेंबर 2017, साखळीचा शेवटचा दिवस. बिल्सनी मायामीला 22-16 असं हरवलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. स्वतःचा पेपर लिहून झाला, निकाल मात्र दुसऱ्याच्या पेपरवर, अशी गत. तिकडे बाल्टिमोरमध्ये रेव्हन्स हरायला हवे होते, आणि त्यांच्यासमोर होते सिनसिनाटीचे बेंगल्स. बेंगल्स कधीच स्पर्धेबाहेर गेलेले. जिंकले काय, हरले काय, त्यांना फरक शून्य.

रेव्हन्स 27-24 ने पुढे. मिनिटभरही उरलेलं नाही. बेंगल्सचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि त्यात किमान 12 यार्ड पुढे सरकणं भाग. मायामीत बिल्सचे खेळाडू घामेजल्या कपड्यांतच ड्रेसिंग रूममधल्या टीव्हीसमोर खिळलेले. बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, अँडी डाल्टन. त्यानं चेंडू फेकला, टायलर बॉइडनं झेलला, आणि बॉइड जो सुटला तो थेट टचडाउन, म्हणजे चेंडूसकट मैदानाच्या टोकाच्या रेषेपार! 49 यार्ड. घड्याळात 44 सेकंद. बेंगल्स 31, रेव्हन्स 27. बिल्स आत!

पुढचं ऐका, मला तेच जास्त आवडतं. डाल्टन आणि त्याची बायको गंभीर आजारी मुलांसाठी एक संस्था चालवतात. बफेलोच्या लोकांनी तिथे पैसे पाठवायला सुरुवात केली. किती? कित्येकांनी 17 डॉलर. सतरा वर्षांचे सतरा डॉलर. बघता बघता रक्कम तीन लाख डॉलरच्या वर गेली. आणि बिल्स संघानं बेंगल्सना धाडले 1440 चिकन विंग्ज. हो, तो पदार्थ बफेलोचाच. त्यासोबत सेलरीचे दांडे कशाला देतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. कांदा-लिंबू ठेवा की!

वेळ थोडा उरलाय, म्हणून नियम भराभर. गटात चार विभाग. चार विभागविजेते आणि उरलेल्यांतले तीन सरस, झाले सात. पहिल्या क्रमांकाला पहिल्या फेरीत सुट्टी. विभाग जिंकला की रेकॉर्ड कसंही असो, जागा पक्की. 2010च्या हंगामात सिअ‍ॅटल सात विजय, नऊ पराभवांवर आत आलं आणि न्यू ऑर्लिन्सला 41-36 असं घरी पाठवून मोकळं झालं. कारण प्लेऑफमध्ये एकच सामना. हरलात की हंगाम संपला.

बफेलोचाही संपला. आठवड्याभरात जॅक्सनव्हिलनं त्यांना हरवलं, 10-3.