आता गावलंय: कॅमेऱ्याचा उजेड आणि रंग

नमस्कार मंडळी. घरी कॅमेरा असेल तर तो घेऊन बसा, नसला तर मोबाइल चालेल, आणि मोबाइलवरच मला ऐकत असाल तर नुसतं ऐका, नंतर करून बघा. आज बोलायचंय दोन गोष्टींवर. एक, फोटोत उजेड किती घ्यायचा, म्हणजे एक्स्पोजर. आणि दुसरी, रंग खरे कसे आणायचे, म्हणजे व्हाइट बॅलन्स. उजेड आणि रंग, एवढंच.

आधी उजेड. तुमच्या स्वयंपाकघरात एक पांढरं ताट असेल, त्यात भात पसरा. आणि एक लोखंडी तवा असेलच, काळाकुट्ट. आता कॅमेरा ऑटोवर ठेवून भाताचा फोटो काढा, फोटोत भात सोडून दुसरं काही येऊ द्यायचं नाही. मग तव्याचा काढा, तसाच, अगदी जवळून. आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा. भात राखाडी आणि तवापण राखाडी! जवळजवळ एकाच रंगाचे. कारण कॅमेऱ्याला भात माहीत नाही आणि तवापण माहीत नाही. समोरचं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून तो चालतो, छायाचित्रकार त्याला १८ टक्के ग्रे म्हणतात, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा रंग. समोर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळं दिसलं की वाटतं उजेड कमी पडला, तो वाढवतो.

म्हणून ते प्लस-मायनसचं बटण असतं. पांढरं असेल तर प्लस, काळं असेल तर मायनस. परत सांगतो, कारण सगळे नेमकं उलटं करतात, पांढरं असेल तर प्लस, काळं असेल तर मायनस. प्लस एक केलं की उजेड दुप्पट, मायनस एक केलं की निम्मा. बहुतेक कॅमेऱ्यात एकाचे तीन भाग पाडलेले असतात, तेव्हा थोडं थोडं पुढे जाता येतं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा, बऱ्याच फोनमध्ये शेजारी एक छोटा सूर्य येतो, तो वर सरकवला की प्लस, खाली सरकवला की मायनस.

आणि आपल्या किनाऱ्यावर हे जास्तच लागतं बरं का. रेव पांढरी, पाणी चमकतं, आभाळ झगझगीत, आणि मधे उभा माणूस उन्हात रापलेला. म्हणजे भाताच्या ताटात तवा ठेवल्यासारखं. कॅमेरा भाताकडे बघून उजेड कमी करतो आणि माणूस काळा पडतो. इथे एक बोलून घेतो, विषयाला सोडून आहे पण बोलतोच. माणूस स्पष्ट दिसावा म्हणून प्लस करायचं, गोरा दिसावा म्हणून नाही. हल्ली मोबाइल आपणहून चेहरा पांढरा करतो, गुळगुळीत करतो, लग्नाच्या फोटोत तर सगळं घर पावडर फासल्यासारखं दिसतं. मला ते अजिबात आवडत नाही. आपल्या माणसांचा रंग चांगला आहे, तांबूस, सावळा, मिठात आणि उन्हात मुरलेला, तो आहे तसा यायला हवा. ते ब्यूटीचं बटण पहिलं बंद करा.

आता रंग. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, पिवळा बल्ब, ट्यूबलाइट, प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही कारण डोळे जुळवून घेतात, कॅमेऱ्याला सांगावं लागतं. हे केल्विनच्या आकड्यात मोजतात. समईची ज्योत १९००च्या आसपास, पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५००, ढगाळ दिवस ६५००, आणि मोकळ्या आभाळाखालची सावली ७०००च्या वर. लोहाराकडे लोखंड तापताना बघितलंय ना, आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. तसंच. आकडा कमी तर उजेड तांबडा, आकडा जास्त तर उजेड निळा. म्हणजे सावलीतला उजेड निळा असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सावलीतला उजेड निळा.

बाकी ते आयएसओ, शटर वगैरे आज सोडून देतो, कारण मला रापणीची गोष्ट सांगायचीय.

सात-आठ वर्षं झाली असतील. मालवणच्या बाजूला एका गावात मी थंडीत जाऊन राहिलो होतो, रापणीचे फोटो काढायला. रापण तुम्हाला सांगायला नको, होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत आणतात, बाया, म्हातारे, पोरं, सगळे हात लावतात आणि सगळ्यांना वाटा मिळतो. रापण टिकायला हवी असं माझं ठाम मत आहे. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींतून मासळीचा अख्खा थवा जाळ्याने घेरणारे, समुद्रात बारीक मासळीसकट सगळं खरवडून नेतात आणि किनाऱ्यावरच्यांनी मग काय ओढायचं, रिकामं जाळं? असो.

तर तिथले तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीपण आबाच म्हणायचो. त्यांचं ते शेवटचं वर्ष होतं, गुडघे गेले होते, पुढच्या हंगामापासून मुलगा बघणार होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, झिला, दोर हातात घेतलेलो माझो एक फोटो काढ, घरात लावतंय. मला फार बरं वाटलं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे दोर माझ्या अंगावर येतोय, आबा पुढे, मागे सगळी माणसं, मागे माड. सुंदर दिसत होतं! पण आपल्याकडे सकाळी सूर्य कुठून येतो? सड्याकडून, म्हणजे पूर्वेच्या पठाराकडून, माडांच्या वरून. म्हणजे आबांच्या बरोबर पाठीमागून. आणि खाली पांढरी रेव. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसत नाही, मी हाताची सावली करून बघितलं, छान वाटलं, पंधरा-वीस फोटो काढले आणि दुपारी बाजारात जाऊन त्यातल्या एकाची मोठी प्रिंट करून आणली.

संध्याकाळी आबांच्या पडवीत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट दिव्याजवळ धरली, लांब धरली, परत जवळ धरली. आणि म्हणाले, "फोटो बरो आसा. माड दिसतत, रेव दिसता, दोर दिसता. माझा तोंड तेवढा गावना नाय."

खरंच नव्हतं गावत, म्हणजे सापडत. टोपी होती, खांदे होते, हात होते आणि चेहऱ्याच्या जागी कोळसा. मी तवा आणि भात लोकांना शिकवणारा माणूस, आणि फोटो काढताना प्लस करायचं राहिलं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं आबा, उद्या परत काढतो. आबा म्हणाले, उद्या उन्हात नको, थंय जाळी शिवतत थंय सावलेत बसतंय, तू आरामात काढ.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. जाळी शिवायच्या जागेवर निळी ताडपत्री ताणलेली होती. पूर्वी तिथे झावळांचं छप्पर असायचं म्हणे, त्याखाली गारही वाटायचं आणि उजेडही चांगला यायचा, आता सगळीकडे ही निळी प्लास्टिकं आलीत, फोटो काढणाऱ्याला विचाराल तर झावळांची सर नाही त्यांना. आबा हातात ताजा बांगडा घेऊन बसले, नुकताच जाळ्यातून काढलेला. मागे उन्हातली रेव दिसत होती म्हणून मी प्लस एक केलं, आठवणीने केलं. चेहरा स्वच्छ आला, एकेक सुरकुती दिसली. खूश होऊन परत बाजारात गेलो, परत प्रिंट.

आबांनी प्रिंट बघितली. चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बांगड्याकडे बघितलं. आणि मला म्हणाले, "ताजो बांगडो शिळो केलंस मरे तू. असो बांगडो कोण घेतलो?"

आता बघा, मासे घेताना आपण काय बघतो? डोळा बघतो, बोटाने दाबून बघतो आणि कल्ले उचलून बघतो. कल्ले लालभडक तर मासा ताजा. माझ्या फोटोत कल्ले जांभळट-तपकिरी आले होते, डोळ्यावर निळी झाक, आणि आबांचा चेहरापण गारठलेल्या माणसासारखा. कारण काय, तर आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढताना मी व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावर ठेवला होता आणि तो तसाच राहिला. सूर्यास्ताला तो तसाच ठेवायचा असतो, ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा तो केशरी रंग चूक समजून धुऊन काढू बघतो. पण सूर्याच्या चिन्हाचा अर्थ, कॅमेरा धरून चालतो की उजेड ५५००चा आहे. सावलीतला उजेड निळा, मघाशी म्हटलं ना, आणि त्यावर निळी ताडपत्री. निळ्यावर निळं.

मी छायाचित्रकार होतो, पण फोटोतला रंग चुकला हे मासे ओळखणाऱ्या माणसाने सांगितलं. तेव्हापासून रंग तपासायचा असेल तर मी फोटोत अशी एक वस्तू बघतो जिचा खरा रंग मला पक्का माहीत आहे. कल्ले, कोकमाचं आगळ, हापूसचा रस, जांभा दगड, काहीही.

तिसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याला त्या ताडपत्रीखालचा उजेड नीट शिकवायचं ठरवलं. त्याला कस्टम व्हाइट बॅलन्स म्हणतात. जिथे माणूस बसणार तिथेच एक पांढरी वस्तू धरायची, कॅमेऱ्यात पूर्ण तीच भरायची, आणि कॅमेऱ्याला सांगायचं की हे पांढरं आहे. आबा म्हणाले पांढरा माझा शर्ट आसा, धुतलेला. शर्ट धरला, मोजलं, एक फोटो काढला तर आबा पिवळे, कावीळ झाल्यासारखे! शर्टाला नीळ घातली होती. घरात बायका पांढऱ्या कपड्याला नीळ घालतात तो कपडा खरं तर किंचित निळा असतो, आपल्याला शुभ्र वाटतो, कॅमेऱ्याने त्या निळ्यालाच पांढरं मानलं आणि उलट बाजूला, पिवळ्याकडे गेला. म्हणून नीळ घातलेला कपडा नको. परत सांगतो, व्हाइट बॅलन्सला नीळ घातलेला कपडा नको.

मग आबांचा नातू बर्फाच्या थर्माकोल पेटीचं झाकण घेऊन आला. आतली बाजू कोरी, पांढरी. ती धरली, मोजलं, आणि कल्ले लाल! पडद्यावर बघितले आणि टोपलीतल्या बांगड्याचे बघितले, तेच लाल. ग्रे कार्ड, म्हणजे यासाठीच केलेला राखाडी पुठ्ठा, मिळतो बाजारात, तो असेल तर उत्तमच, पण मासळीच्या गावात थर्माकोलचं झाकण कुठेही मिळतं.

आणि ते झाकण हातात होतंच, तर म्हटलं आबा, चला, दोर धरा परत. त्याच जागी, सूर्य तसाच पाठीमागे, मी तसाच पाण्यात. नातवाला झाकण घेऊन माझ्या बाजूला, फोटोत येणार नाही असा उभा केला आणि त्यावर ऊन पडून ते आबांच्या चेहऱ्यावर जाईल असं वाकडं धरायला सांगितलं. व्हाइट बॅलन्स आता उन्हाचा, म्हणजे सूर्याचं चिन्ह. प्लस एक. आणि या वेळी पडद्याच्या उजेडावर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम बघितला, तो डोंगरासारखा आलेख असतो तो, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून चढला तर पांढरं जळलं समजायचं, म्हणजे तिथे नुसता कोरा पांढरा डाग, आणि जळलेलं पांढरं नंतर कॉम्प्युटरवरही परत येत नाही. थोडं आभाळ जळलं, ते मी जळू दिलं. चेहरा महत्त्वाचा होता.

संध्याकाळी दोन्ही प्रिंट घेऊन गेलो. आबांनी आधी बांगड्याचे कल्ले बघितले, मान हलवली. मग दोरवाला फोटो घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघत बसले. आतून वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांच्यापुढे प्रिंट धरली आणि म्हणाले, "बघ गो. आता गावलंय."

तो फोटो त्यांच्या माजघरात लावलाय. मागे पेन्सिलीने मी प्लस एक असं लिहून ठेवलंय, नातवासाठी, तो आता स्वतः फोटो काढतो.

वेळ होत आलीय. दोन गोष्टी पटकन. कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे टिपलेलं सगळं कच्चंच ठेवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर महत्त्वाच्या दिवशी ती चालू करा, रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, तेवढा नीट नाही बदलत. आणि दुसरी, कॅमेरा बंद करायच्या आधी प्लस-मायनस परत शून्यावर आणा आणि व्हाइट बॅलन्स परत ऑटोवर. रोज. माझा बांगडा तेवढ्यासाठीच शिळा झाला होता. आज रात्री जेवायला बसायच्या आधी भाताच्या ताटाचा एक फोटो शून्यावर काढा आणि एक प्लस एकवर. नमस्कार.