टेबलावरचा सर्व्हर

(छायाचित्र: काळा चौकोनी कॉम्प्युटर, त्यावरचं लेबल जवळून)

हे लेबल बघा. लाल शाईत, हातानं लिहिलेलं. 'हे मशीन सर्व्हर आहे. बंद करू नका!!' १९९० साली युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्याकडे नेक्स्ट कंपनीचा हा कॉम्प्युटर होता. जगातला पहिला वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेब पानं पाठवणारा प्रोग्राम, यावर चालला, आणि पहिला ब्राउझरही त्यांनी यावरच लिहिला. रोजच्या कामाचं मशीन आणि सर्व्हर, दोन्ही एकच. हे आपण पार विसरलोय. सर्व्हर म्हटलं की कुलूपबंद, थंडगार खोलीच डोळ्यांसमोर येते.

(दृश्य: डेस्कटॉप, टर्मिनल)

हे साधं डेस्कटॉप. त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. यावर आपण अपाचे हा वेब सर्व्हर बसवू. कमांड एका ओळीची: सुडो एपीटी इन्स्टॉल अपाचे-टू.

ओळी सरसर वर जातायत, तोवर नावाची गोष्ट. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मकूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि त्या कामाला कुणी वाली उरला नाही. मग वापरणाऱ्यांनीच आपापली ठिगळं लावली, ईमेलवरून एकमेकांना पाठवली, आणि १९९५ मध्ये ती सगळी एकत्र शिवली. ठिगळ म्हणजे पॅच. 'अ पॅची सर्व्हर'चं अपाचे झालं, असं सांगतात. नाव सुचवणारे ब्रायन बेहलेनडॉर्फ मात्र म्हणतात, ते अपाची या आदिवासी जमातीबद्दलच्या आदरापोटी ठेवलं. कोटी चांगली जमलीय, म्हणून तीच टिकली. एप्रिल १९९६ पर्यंत हा ठिगळांचा सर्व्हर वापरात पहिल्या क्रमांकावर पोचला होता.

(दृश्य: पडद्यावर लाल अक्षरं)

आणि इथे गाडी अडली. 'फेल्ड.' खाली कारण: 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.' पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार. वेबचं ठरलेलं पोर्ट ८०, आणि तिथे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ठाण मांडून बसलाय. मागे कधीतरी आम्हीच बसवला होता. त्याला हाकलायचं नसेल, तर अपाचेची सोय दुसरीकडे करायची. पोर्ट्स-डॉट-कॉन्फ फाइलमध्ये 'लिसन ८०'चं 'लिसन ८०८०'. हाच आकडा व्हर्च्युअल होस्टच्या, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या, फाइलमध्येही बदला. ते हमखास राहून जातं. रीस्टार्ट.

हिरवं.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन), कोलन, ८०८०. 'इट वर्क्स!' ते तयार पान काढून आपली एक ओळ टाकली: 'नमस्कार.'

(दृश्य: हातात फोन, शेजारी लॉगची खिडकी)

आता फोन, त्याच वायफायवर. डेस्कटॉपचा आयपी पत्ता, पुढे तेच पोर्ट. 'नमस्कार' आलं. पण नजर लॉगवर, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीवर, ठेवा. एक ओळ पडली: फोनचा पत्ता, वेळ, 'गेट' म्हणजे मागणी, २०० म्हणजे पान दिलं. खाली लगेच दुसरी: फॅव्हिकॉन, ४०४ म्हणजे सापडलं नाही. हे आपण मागितलंच नव्हतं. टॅबवर लावायचं चिन्ह ब्राउझर स्वतःहून शोधत आला आणि हात हलवत परत गेला. पान दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं, तर या दोन्ही ओळी त्याच्याकडे पडल्या असत्या. इथे त्या आपल्यासमोर आहेत.

बाहेरच्या जगासाठी दार उघडायचं तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरनं बाहेरची मागणी या मशीनकडे वळवणं), एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी), वेळच्या वेळी अपडेट. नाहीतर याच लॉगमध्ये नको ते पाहुणे दिसू लागतात.

(दृश्य: शटडाउन)

मशीन बंद केलं. फोनवर पान पुन्हा उघडून बघतोय. नुसतंच गोल फिरतंय.