वारसा वस्तीतल्या छपरांवर सौरपॅनेल

नमस्कार श्रोतेहो.

2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि गच्ची असलेल्या प्रत्येकाने हिशेब मांडला. पण तुमचं घर गिरगावच्या खोताच्या वाडीत असेल, मरीन ड्राइव्हवर असेल, तर? मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे; जतन करायच्या जुन्या इमारतींची ती महत्त्वानुसार श्रेणींत विभागणी करते. श्रेणी एकच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही. श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक आहे. आपली इमारत कुठल्या श्रेणीत आहे ते ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी बघा. पुण्यात शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांना केंद्राचा कायदा आहे: स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढचे 200 मीटर नियंत्रण. तिथे आधी लेखी विचारणा करा.

जुन्या वास्तूवर पॅनेल नकोच, असा सरसकट नकार मात्र मला मुळीच पटत नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपेल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनामंदिर, पाचशे वर्षांपूर्वीचं. छपराचं शिसं बदलायला काढलंच होतं, तेव्हा तिथे 438 पॅनेल बसवले. विरोध झाला, तरी परवानगी मिळाली.

मरीन ड्राइव्हच्या सपाट गच्च्यांना कठडे आहेत. कठड्यापासून आत सरकवून, दक्षिणेकडे थोडे कलते ठेवलेले पॅनेल समोरच्या फुटपाथवरून दिसणारही नाहीत. घात होतो तो उंच लोखंडी सांगाड्याने. खाली गच्ची मोकळी राहावी म्हणून तो उभारतात आणि इमारतीची आकाशरेषा बिघडते.

कौलारू घराचं काम जास्त नाजूक. एकेक पॅनेल वीस-पंचवीस किलोचं. त्याचा हूक छपराच्या जाड वाशाला आवळायला हवा, कौलांखालच्या बारीक रिपेला नव्हे. आणि कौल सरकवून, भोक पाडून नाही. भोक पाडलं की पावसाळ्यात पाणी वाशात मुरतं आणि जुनं सागवान कुजायला लागतं. पॅनेल मागच्या उतारावर बसवावं, पण तो उत्तरेला असेल तर वीज कमी मिळते. अशा वेळी नंतर बांधलेल्या पडवीचं छप्पर बघा.

माझी मागणी एवढीच, की महापालिकेने छपराच्या प्रकारानुसार हे नियम मराठीत, आकृत्यांसह छापावेत. तोवर अर्जाला रस्त्यावरून आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काढलेले फोटो जोडा, त्यांवर पॅनेलची जागा आखून द्या, आणि कौलं न फोडता ते पुन्हा कसे काढता येतील हेही लिहा.

नमस्कार.