परदेशात फुल फंडेड पीएचडी करायचीय? यादी बाजूला ठेवा, आधी माणूस शोधा

नमस्कार मंडळी, आजचा विषय एकदम महत्त्वाचा. विकसनशील देशातल्या विद्यार्थ्याला परदेशात पीएचडी करायचीय, घरून पैसे लावणं शक्य नाही, कर्ज काढायचं नाही, तर खर्च कोण करतं, का करतं आणि त्याच्यापर्यंत पोचायचं कसं.

बहुतेक जण काय करतात, सर्चमध्ये 'फुली फंडेड पीएचडी स्कॉलरशिप' टाकतात, नावांची लांबलचक यादी मिळते, ती सेव्ह करून ठेवतात आणि डेडलाइन आठवड्यावर आली की धावपळ सुरू. माझं म्हणणं असं की यादी नंतर बघा, आधी माणूस शोधा. म्हणजे ज्या प्रश्नावर तुम्हाला पुढची तीन-चार वर्षं घालवायचीत, त्यावर आत्ता, ह्या घडीला काम करणारा प्राध्यापक किंवा ग्रुप. कारण पीएचडीचा पैसा बऱ्याचदा त्या माणसाकडूनच येतो, नाहीतर त्याच्या होकारावर अडलेला असतो.

आता बघा, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स ह्या देशांत पीएचडी ही बहुतेक वेळा चक्क नोकरी असते. जाहिरात निघते, इंटरव्ह्यू होतो, पगार मिळतो, हक्काची रजा असते. स्वीडननं २०११ पासून युरोपबाहेरून येणाऱ्यांना बॅचलर्स आणि मास्टर्सला फी लावली, पण पीएचडीला आजही फी नाही. त्यामुळे तिथं स्कॉलरशिप शोधत बसलात तर ह्या जागा तुम्हाला दिसणारच नाहीत, त्या युनिव्हर्सिटीच्या नोकऱ्यांच्या पानावर असतात किंवा युरोपियन कमिशनच्या युरॅक्सेस पोर्टलवर, आणि वर्षभर निघत असतात.

युरोपमधलीच अजून एक गोष्ट, मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स. कुठल्याही देशाचा नागरिक चालतो, पगार चांगला असतो, फक्त एक नियम नीट समजून घ्या. जॉइन व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम-शिक्षण केलेलं नसावं. म्हणजे समजा कोणी आत्ताच जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स पूर्ण केलंय, तर त्याला ह्या योजनेतली जर्मनीतली जागा मिळणार नाही, स्पेनमधली मिळू शकते. आणि जो आजवर आपल्या देशाबाहेर पडलाच नाही त्याला सगळे देश खुले! आपल्याकडच्या मुलांना वाटतं की परदेशात आधी शिकलेल्यांनाच घेतात, इथं तर नियम उलट तुमच्या बाजूनं आहे.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथं डिपार्टमेंट बहुतेक वेळा ॲडमिशन देतानाच ट्यूशन फी माफ करतं आणि स्टायपेंड देतं, बदल्यात तुम्ही शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये असिस्टंट म्हणून काम करता. बऱ्याच विषयांत मास्टर्स नसलं तरी चालतं. डेडलाइन बहुतेक डिसेंबरमध्ये. आणि तिथं निर्णय कमिटीचा असतो, त्यामुळे एका प्राध्यापकानं मेलला उत्तर दिलं नाही म्हणून अर्जच टाकायचा नाही असं करू नका. ॲप्लिकेशन फी मात्र प्रत्येक युनिव्हर्सिटीची वेगळी लागते आणि चार-पाच ठिकाणी अर्ज केले की ती फार जड जाते, तर फी माफ होईल का हे अर्ज सबमिट करायच्या आधी ग्रॅज्युएट ऑफिसला मेल करून विचारा. अनेक ठिकाणी सोय असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

मग सरकारी स्कॉलरशिप. जपानची मेक्स्ट १९५४ पासून सुरू आहे, तिला दोन वाटा, एक आपल्या देशातल्या जपानी दूतावासातून, दुसरी थेट युनिव्हर्सिटीच्या शिफारशीनं. ब्रिटनच्या कॉमनवेल्थ स्कॉलरशिपमध्ये पीएचडीचा एक गट खास राष्ट्रकुलातल्या सर्वांत कमी विकसित आणि अस्थिर देशांसाठी आहे, तर आपला देश यादीत आहे का ते पहिल्यांदा बघा. स्विस सरकारच्या एक्सलन्स स्कॉलरशिपला तिथल्या प्राध्यापकाचं 'मी ह्यांना गाइड करीन' असं पत्र लागतंच, त्याशिवाय अर्ज पुढं जात नाही. बघा, इथंही गाडी माणसापाशीच येऊन थांबली. आणि हो, ब्रिटन सरकारच्या चीव्हनिंग स्कॉलरशिपच्या मागं लागलेले खूप जण दिसतात, ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, पीएचडीला नाही.

परदेश म्हणजे फक्त युरोप-अमेरिका असंही नाही. विज्ञानात मागे राहिलेल्या देशांतल्या स्त्रियांसाठी ओडब्ल्यूएसडी ही संस्था पीएचडी फेलोशिप देते, आणि ती दुसऱ्या एखाद्या विकसनशील देशात जाऊन करायची असते. ही वाट मला मनापासून आवडते, कारण प्रश्न सारखे असतात, हवामान, आजार, पिकं, पाणी, आणि काम संपवून परतल्यावर ते आपल्याकडे लगेच लागू पडतं.

आता मुख्य मुद्दा, मेल. प्राध्यापकाला पाठवायचा पहिला मेल. 'रिस्पेक्टेड सर, तुमच्या नामांकित विद्यापीठात शिकणं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे, मी अत्यंत मेहनती आहे', हे असले मेल त्यांच्याकडे ढिगानं येतात आणि ते वाचलेही जात नाहीत. त्याऐवजी असा लिहून बघा. समजा विषय आहे भूजलातलं आर्सेनिक. 'तुमच्या अमुक पेपरमध्ये विहिरींचे नमुने पावसाळ्याआधीचे आहेत. मी मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये पावसाळ्यानंतरचे नमुने तपासले, तेव्हा उथळ विहिरींत प्रमाण बदललेलं दिसलं. हा बदल कशामुळे होतो ह्यावर मला पीएचडी करायची आहे. पुढच्या वर्षी तुमच्याकडे जागा किंवा फंडिंग आहे का? नसेल तर अमुक स्कॉलरशिपच्या अर्जासाठी तुम्ही होस्ट व्हाल का?' संपला मेल. ह्यात त्यांचं काम वाचल्याचा पुरावा आहे, तुमचं स्वतःचं काम आहे आणि ज्याला हो किंवा नाही उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. सोबत दोन पानी सीव्ही आणि मार्कशीट जोडा. दोन-तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर पुढचा माणूस. आणि एकच मेल नावं बदलून चाळीस जणांना पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं.

उत्तर आलं की त्या ग्रुपमध्ये आत्ता पीएचडी करणाऱ्या एक-दोघांनाही लिहा. गाइड वेळ देतात का, लोक किती वर्षांत बाहेर पडतात, स्टायपेंडमध्ये घरभाडं देऊन भागतं का. हे वेबसाइटवर कुठंच लिहिलेलं नसतं, आणि चुकीच्या गाइडकडे चार वर्षं काढणं फार वाईट असतं हो, पैसे पूर्ण मिळत असले तरी.

शिफारसपत्रांचं जरा मनावर घ्या. आपल्याकडे सर्रास सांगतात, तूच लिहून आण, मी सही करतो. मग तिन्ही पत्रांची भाषा एकच, तिन्हींत 'हुशार आणि वक्तशीर', आणि निवड समितीला ते कळतं. त्यापेक्षा सरांना किंवा मॅडमना एक पान तयार करून द्या, त्यात तुम्ही त्यांच्याकडे कुठलं काम केलं, कुठं अडलात, कसं सोडवलं, हे मुद्दे असू देत, पत्र त्यांच्या शब्दांत येऊ दे. महिना-दीड महिना आधी सांगा. बऱ्याच ठिकाणी लिंक थेट त्यांच्याच मेलवर जाते आणि मेल आयडी संस्थेचा लागतो, खासगी चालत नाही, तेव्हा त्यांचा ऑफिसचा मेल सुरू आहे का हेही आधी बघून घ्या.

कागदपत्रांचं जास्त बोलत नाही. पासपोर्ट आजच काढा, आयएल्ट्स आणि टोफेल ह्या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोन वर्षं चालतो त्यामुळे खूप आधी देऊ नका. शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर काही युनिव्हर्सिट्या कॉलेजचं तसं पत्र घेतात, पण ते त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या.

ऑफर आली की 'फुल फंडेड' ह्या दोन शब्दांवर सही करू नका. ट्यूशन फी, महिन्याचा स्टायपेंड, आरोग्य विमा, व्हिसा, तिकीट, ह्यातलं काय काय धरलंय ते विचारा. लग्न झालेलं असेल, मूल असेल तर कुटुंबासाठी भत्ता आहे का तेही बिनधास्त विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फंडिंग तीन वर्षांचं आणि थीसिसला लागतात चार, तर चौथ्या वर्षाचं काय? परत यायची अट आहे का? फुलब्राइट ह्या अमेरिकी सरकारच्या स्कॉलरशिपवर तिथं गेलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, त्याशिवाय तिथला वर्क व्हिसा किंवा कायमचं राहणं जमत नाही. आणि 'तुमची निवड झालीय, प्रोसेसिंगचे पैसे ह्या खात्यात भरा' असा मेल आला तर तो फसवणुकीचा समजा. युनिव्हर्सिटीची ॲप्लिकेशन फी वेगळी, ती त्यांच्या पोर्टलवर अर्ज करताना भरायची असते, निवड झाल्यावर कुणाच्या खात्यात नाही.

शेवटचं, पहिल्या महिन्याचे पैसे. पगार बऱ्याच ठिकाणी महिना भरल्यावर येतो, तिकिटाचे पैसे कधीकधी पावती दिल्यावर मिळतात, आणि खोलीचं डिपॉझिट मात्र पोचल्या पोचल्या द्यावं लागतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि ज्यांच्याकडे मागं काही नाही त्यांची इथंच कोंडी होते. म्हणून ऑफर स्वीकारताना त्याच मेलमध्ये विचारा, स्टायपेंडचा पहिला हप्ता ॲडव्हान्स मिळेल का, तिकीट तुम्ही थेट काढून द्याल का, आणि सुरुवातीच्या दिवसांत हॉस्टेलवर जागा मिळेल का.